परिमित घटक पद्धत (अस्थियांत्रिकी)

परिमित घटक पद्धत ही एखाद्या वस्तूचे असंख्य लहान घटकांत विभाजन करून तिच्यातील प्रतिबल व विकृती संगणकाच्या साहाय्याने काढण्याची गणिती पद्धत आहे. यंत्र अभियांत्रिकीबरोबरच जैववैद्यकीय अभियांत्रिकीतही हाडे, सांधे व कृत्रिम रोपणे यांच्या अभ्यासासाठी ती वापरली जाते. जिवंत माणसाच्या मांडीच्या हाडाच्या आतील प्रतिबल थेट मोजता येत नसल्याने त्या हाडाचे गणिती प्रतिमान तयार करून त्यावर भार देऊन पाहिला जातो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झुरिच येथील अभियंते कार्ल कुलमान यांना मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील जाळीदार रचनेत क्रेनच्या वक्र बाहूतील प्रतिबलरेषांचे साम्य आढळले. हाड त्यावर पडणाऱ्या भारानुसार आपली रचना बदलते, हा सिद्धांत युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. विमानांच्या सांगाड्यांच्या विश्लेषणातून १९५० च्या दशकात परिमित घटक पद्धत आकारास आली. तिचे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये रूढ केले. मांडीच्या हाडासाठी तिचा वापर १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

कार्यपद्धती

सीटी स्कॅनवरून हाडाचा आकार, तर प्रतिमेतील करड्या छटांवरून त्याची घनता व स्थितिस्थापकता ठरवली जाते. त्यानंतर घटकांची जाळी आखून तिच्यावर स्नायूंचे व सांध्याचे बल लावतात. सामान्य गतीने चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल पडते.

उपयोग

कृत्रिम खुब्याचा दांडा निवडताना या पद्धतीचे महत्त्व विशेष जाणवते. हाडाच्या कठीण भागाचा यंग गुणांक सुमारे १५ ते २० गिगापास्कल, तर टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ११० गिगापास्कल असतो. त्यामुळे भाराचा मोठा वाटा दांडाच पेलतो आणि भार न मिळालेले हाड झिजू लागते. यास प्रतिबल-आच्छादन म्हणतात. दांडा अधिक लवचिक केल्यास हे आच्छादन घटते. परंतु हाड व दांडा यांच्या संपर्कपृष्ठावरील प्रतिबल वाढून दांडा सैल होण्याचा धोका निर्माण होतो. या दोहोंतील समतोल रुग्णावर प्रयोग न करता प्रतिमानावर तपासता येतो.

पडताळणी व मर्यादा

प्रतिमानाची रंगीत चित्रे हा त्याच्या अचूकतेचा पुरावा नव्हे. समीकरणे बिनचूक सोडवली आहेत का, हे तपासणे म्हणजे पडताळणी. यासाठी जाळी अधिक सूक्ष्म केल्यावर उत्तर स्थिर राहते का, हे पाहतात. समीकरणे वास्तवाशी जुळतात का, हे तपासणे म्हणजे प्रमाणीकरण. यासाठी मृतदेहातील हाडावर विकृतिमापक चिकटवून मिळालेली मापे प्रतिमानाच्या उत्तरांशी ताडून पाहतात. स्नायूंची बले बहुधा अनुमानित असतात आणि जिवंत हाड सतत बदलत असते, ही या प्रतिमानांची मुख्य मर्यादा होय. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेने २०१८ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या प्रतिमानांसाठी मानक प्रसिद्ध केले. प्रतिमानावर विसंबून घेतलेला निर्णय चुकल्यास होणारी हानी जितकी मोठी, तितका पुरावा अधिक सबळ असावा, हे त्याचे मुख्य सूत्र आहे.