शेतातून आल्यावर अंग तपासा : तापाआधीचा काळा डाग विसरू नका

पावसाळा संपत येतो तसे आपल्या दिघोरी परिसरात धानाच्या धुऱ्यांवर गवत गुडघाभर वाढते. निंदण, चारा, बकऱ्या यांच्यामागे आपण त्यातच वावरतो. मग कुणाला ताप येतो, घरचे म्हणतात, "टायफॉइड असेल," आणि मेडिकलमधून गोळ्या आणतात. आम्ही हे वर्गात मुलांना सांगतो, आज पालकांनाही सांगतो : असे करू नका.

गोचिडीमुळे होणारा लाइम रोग मुख्यतः अमेरिका-युरोपात आढळतो. आपल्या राज्यात सिंधुदुर्गात २०१६ मध्ये गोचिडीमुळे माकडतापाचे रुग्ण आढळले. विदर्भात मात्र जपायचे ते स्क्रब टायफसपासून. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूरच्या मेडिकलमध्ये याचे बरेच रुग्ण आले, काही दगावलेही.

हा टायफॉइड नव्हे. झुडपांत, उंदरांच्या वावराच्या जागी चिगर नावाच्या अतिबारीक किड्याची पिल्ले असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, चावलेले कळतही नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चावल्या जागी बऱ्याचदा विडीने पोळल्यासारखी काळी खपली दिसते, पण प्रत्येकालाच दिसेल असे नाही.

ही खपली अनेकदा काखेत, जांघेत, छातीखाली असते. आपल्या घरच्या बायका लाजेने ती दाखवत नाहीत आणि उपचार लांबतो. डॉक्टर पुरुष असतील तर नर्सताईंना दाखवा, पण दाखवाच. टायफॉइडची काही नेहमीची इंजेक्शने यावर चालत नाहीत. वेळेत डॉक्सिसायक्लिन मिळाले तर रुग्ण बहुधा लवकर सुधारतो. गरोदर बाईसाठी औषध वेगळे असते, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

काय करायचे?

- शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गवतावर थेट बसू नका.
- घरी येताच साबणाने आंघोळ करा, कपडे धुवायला टाका.
- मुलांची काख, मान, कानामागची जागा पाहा.
- गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, जागा साबणाने धुवा. रॉकेल किंवा विडीचा चटका नको.
- घराभोवतीची झुडपे काढा, उंदरांचा बंदोबस्त करा.

ताप आला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि "आम्ही शेतात जातो" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.