आय-सेव्हनचं स्टिकर आणि तारापूरची हवा

बारावीचे निकाल लागले की पालघर आणि बोईसरच्या दुकानांत लॅपटॉपची चौकशी वाढते. आईवडील, मुलगा आणि 'त्यातलं कळणारा' एखादा चुलतभाऊ असा लवाजमा येतो. काउंटरवर दोन मशिनं शेजारी शेजारी उघडून ठेवलेली असतात, एक पंचेचाळीस हजारांचं आणि एक सत्तरचं. "काका, एकदाच घ्यायचंय, चांगलं घ्या," असं दुकानदार म्हणतो आणि काका मान डोलावतात. मधले पंचवीस हजार नेमके कशाचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

ते विचारायला हवं. जो भाग नंतर बदलता येत नाही आणि ज्याच्यावाचून आपलं काम अडतं, त्याच्यासाठी जादा पैसे मोजावेत. बाकीचा बराचसा फरक दिखाऊ असतो. त्यात आपल्या भागातल्या दोन गोष्टी हिशेबात धराव्या लागतात, हवा आणि वीज. दिल्ली-बंगळुरूत बसून लॅपटॉपची परीक्षणं करणारे यूट्यूबवाले त्यांच्याबद्दल बोलत नाहीत, कारण त्यांच्या खिडकीतून एमआयडीसी दिसत नाही.

"आय-सेव्हन म्हणजे आय-फाइव्हपेक्षा वेगवान"

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे एकाच वर्षीच्या, एकाच गटातल्या प्रोसेसरांमधले दर्जे आहेत. वर्ष किंवा गट बदलला की त्यांची तुलना कोलमडते. इंटेलच्या २०१६ च्या आय ७-७५०० यू मध्ये फक्त दोन कोअर होते. पुढच्याच वर्षी आलेल्या आय ५-८२५० यू मध्ये चार. म्हणजे नवा 'फाइव्ह' जुन्या 'सेव्हन'पेक्षा सरस, आणि तरी स्टिकर पाहणारं गिऱ्हाईक सेव्हनच उचलणार.

शेवटचं अक्षरही वाचावं. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त वीज खाऊन जास्त जोर लावणारा. जड काम तासन् तास चालणार असेल तर एच गटातला आय-फाइव्ह अनेकदा यू गटातल्या आय-सेव्हनला मागे टाकतो. एएमडीच्या नावांत तर आणखी गुंता आहे. रायझन ५ ७५२० यू आणि रायझन ५ ७५३० यू या दोन नावांत एका आकड्याचा फरक, पण पहिल्यात २०१९ च्या घडणीचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात त्यानंतरच्या पिढीचे सहा. दुकानातल्या पाटीवर दोन्हींसाठी 'रायझन ५, ७००० सिरीज' एवढंच लिहिलेलं असतं. पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्यावा आणि घरी जाऊन शोधावा. दुकानदाराला घाई असेल, आपल्याला नसावी.

"जेवढी ताकद जास्त, तेवढं काम पटापट"

हे कामावर ठरतं. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी पाइपिंगची टू-डी ड्रॉइंग करणाऱ्या पोराला ऑटोकॅड लागतं. ऑटोकॅडचं बरंचसं काम एका वेळी एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे चौदा कोअरसाठी दिलेले पैसे इथे नुसते बसून राहतात. त्याच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे मोठी, स्पष्ट स्क्रीन आणि सोळा जीबी रॅम. जीएसटीची विवरणपत्रं आणि टॅली सांभाळणाऱ्या कार्यालयाला तर साधं मशिन पुरतं. पण त्यात एसएसडी हवीच. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एका एसएसडीवरून तिच्याहून वेगवान एसएसडीवर गेल्याचं मात्र टॅलीत बिलं टाकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

रॅमचा मुद्दा नीट समजून घ्या. काही लॅपटॉपमध्ये ती खाचेत बसवलेली असते आणि पुढे वाढवता येते. काहींत ती बोर्डलाच सोल्डर केलेली असते. माहितीपत्रकात 'एलपीडीडीआर' ही अक्षरं दिसली तर बहुतेक दुसरा प्रकार समजावा. मोकळी खाच असेल तर आज आठ जीबीवर भागवून पैसे वाचवता येतात. सोल्डर असेल तर सुरुवातीलाच सोळा घ्यावी, आणि तिथले जादा पैसे योग्य जागी गेले असं खुशाल समजावं. स्क्रीन आणि कीबोर्डचंही तसंच. आठ तास जिच्याकडे बघायचं ती फिक्कट, २५० निट उजेडाची स्क्रीन पुढे कधी उजळ होणार नाही.

आणि ग्राफिक्स कार्ड? खेळ, व्हिडिओ संपादन किंवा थ्री-डी मॉडेलिंग नसेल तर ते वजन आणि उष्णता वाढवतं, एवढंच. गेमिंग लॅपटॉप अडॅप्टरसकट तीन किलोच्या आसपास जातो. डहाणू लोकलच्या गर्दीत दरवाज्याजवळ उभं राहून पालघर ते चर्चगेट नव्वदेक किलोमीटर जाणाऱ्याच्या खांद्याला विचारा, सव्वा किलोच्या मशिनचे जादा पैसे त्याला पटतात का ते.

"सगळ्यांत महाग म्हणजे मॅक, तोच सर्वांत चांगला"

लेखन, डिझाइन किंवा प्रोग्रामिंग करणाऱ्यासाठी असेलही. प्लांटमधल्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यासाठी नाही. यंत्रांवर नियंत्रण ठेवणारा पीएलसी प्रोग्राम करायचं सीमेन्सचं टीआयए पोर्टल विंडोजवरच चालतं, टॅलीप्राइमही विंडोजचंच. शिवाय त्या माणसाला लॅनचं भोक हवं, सिरीयल केबलसाठी जुन्या धाटणीचं यूएसबी हवं. निविदा भरणाऱ्या ठेकेदाराचं डिजिटल सहीचं टोकनही बहुधा त्याच यूएसबीत बसतं. सडपातळ, देखण्या, महागड्या मशिनात नेमकी ही भोकं गायब असतात. मग कन्व्हर्टर घेत बसा, आणि ऐन शटडाऊनच्या रात्री तो घरी विसरा.

"महाग लॅपटॉप इथल्या हवेतही टिकतो"

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यमापन केलं, त्यात तारापूर सर्वाधिक प्रदूषित ठरलं. ते आपल्या आरोग्याबद्दल होतं, पण हवा लॅपटॉपही घेतो. गंधकाची आणि क्लोरीनची संयुगं दमट हवेत तांब्यावर आणि चांदीवर हळूहळू थर चढवतात. युरोपातल्या नियमांमुळे २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतलं शिसं काढलं गेलं आणि काही उत्पादकांनी सर्किट बोर्डांवर चांदीचा पातळ मुलामा वापरायला सुरुवात केली. गंधकयुक्त हवेत असे बोर्ड लवकर खराब होतात. गंज एका वाटेवरून शेजारच्या वाटेवर सरकतो आणि एक दिवस 'बोर्ड गेला'.

कारखान्यांच्या कंट्रोल रूमसाठी याची मोजपट्टीही आहे. आयएसए ७१.०४ या मानकानुसार तांब्याची पट्टी महिनाभर खोलीत टांगून ठेवतात. तिच्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी, म्हणजे ३० नॅनोमीटरपेक्षाही पातळ थर चढला तर हवा सौम्य मानतात. कोट्यवधींच्या यंत्रणेसाठी हवा गाळून आत घेतली जाते. आपला लॅपटॉप मात्र शेजारच्या शेडमध्ये पंख्याने तीच हवा थेट बोर्डावर ओढत असतो.

या बाबतीत लाखाचा आणि चाळीस हजारांचा लॅपटॉप जवळजवळ सारखेच. घरगुती वापराच्या मशिनांच्या बोर्डांवर संरक्षक लेप सहसा नसतो. 'मिलिटरी ग्रेड'च्या शिक्क्यानेही हुरळू नये. एमआयएल-एसटीडी-८१० ही चाचण्यांची पद्धत आहे, कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी स्वतः निवडते आणि शिक्का देणारी कोणतीही लष्करी संस्था नसते. वॉरंटीच्या अटींत ओलाव्याने आणि गंजाने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलंच असतं. 'अॅक्सिडेंटल डॅमेज' म्हणून जे वेगळं संरक्षण विकतात, त्यातही गंज धरलाय का हे वाचल्याशिवाय सही करू नये.

म्हणून रोज प्लांटमध्ये न्यायचं मशिन स्वस्तातलं असावं आणि चांगलं मशिन घरी ठेवावं. चिंचणी, दांडी, सातपाटीकडे समुद्राचा खार वाऱ्यावर असतो, तिथेही खिडकीखालची जागा लॅपटॉपची नव्हे. पावसाळ्यात तो महिनाभर बॅगेत बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवणं बरं, आतली ऊब ओल हटवते. एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणल्यावर मशिन थोडा वेळ बॅगेतच राहू द्यावं, म्हणजे आत पाणी धरत नाही.

"मेटल बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणजे मशिन शॉर्ट आहे"

सत्तर हजार मोजल्यावर ही तक्रार हमखास येते, कारण प्लास्टिकच्या स्वस्त मशिनात झिणझिण्या कळतच नाहीत. अडॅप्टरमध्ये विजेचा गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसलं की त्याच्यातून निसटणारा अगदी क्षीण प्रवाह धातूच्या बॉडीवर येतो. मीटर लावला तर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतील, पण करंट नगण्य. अडॅप्टर दोन पिनांचा असेल, किंवा बोईसरमधल्या भाड्याच्या खोलीतल्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं असेल, तर हे होणारच. तीन पिनांची केबल आणि खरं अर्थिंग हा त्याचा उपाय. जोराचा धक्का बसत असेल तर मात्र आधी वायरमन बोलवा.

स्टॅबिलायझरची गरज नाही. अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेवढा चढउतार तो स्वतः सांभाळतो. भीती असते ती विजा कडाडताना येणाऱ्या उसळीची. त्यासाठी स्पाइक गार्ड लावतात, पण अर्थिंगशिवाय त्याचाही बराचसा उपयोग उरत नाही. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गडगडाट सुरू झाला की प्लग काढणं.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून उशाशी आहे, तरी घरातली वीज जातेच. केंद्राची वीज ग्रीडमध्ये जाते आणि आपल्याकडे येते ती महावितरणच्या तारांवरून, इतरांसारखीच. म्हणून बॅटरीकडे बघावं, पण 'दहा तास' या जाहिरातीकडे नव्हे. वॉट-अवरचा आकडा विचारावा. चाळीस आणि सत्तर यांतला फरक खरा असतो, आणि त्याचे पैसे वसूल होतात.

"वॉरंटी सगळ्यांची सारखीच"

एक वर्षाची 'कॅरी-इन' म्हणजे मशिन तुम्ही उचलून न्यायचं. सर्व्हिस सेंटर वसईत किंवा मुंबईत निघालं तर दोन रजा गेल्या, एक द्यायला आणि एक आणायला. 'ऑनसाइट' म्हणजे इंजिनिअर घरी येणार. घेण्याआधी कंपनीच्या साइटवर ४०१५०१ किंवा ४०१४०४ हा पिनकोड टाकून जवळचं केंद्र बघा. त्यावरून तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीची किंमत आपोआप कळेल. मला विचाराल तर प्रोसेसरची एक पायरी खाली उतरून ही वॉरंटी घ्यावी.

व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर बिल फर्मच्या नावाने घ्या. साठ हजारांत अठरा टक्क्यांनुसार ९,१५३ रुपये कर असतो आणि त्याचं क्रेडिट मिळतं. आयकरात संगणकाला घसाराही चाळीस टक्के आहे. विद्यार्थ्याला यातलं काहीच मिळत नाही, त्यामुळे धंद्यासाठी लॅपटॉप घेणाऱ्या एखाद्या ठेकेदार काकांचा सल्ला त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

"सेकंडहँड म्हणजे भंगार"

कंपन्या तीन-चार वर्षांनी लॉटने बदलतात ते व्यावसायिक मालिकेतले लॅपटॉप मुळात महागच असतात. २०१८ चा थिंकपॅड टी४८० घ्या. रॅमच्या दोन खाचा, लॅनचं भोक, बाहेरून बदलता येणारी बॅटरी, म्हणजे प्लांटमधल्या माणसाला जे हवं ते सगळं. मात्र पुन्हा स्टिकरकडे पाहून फसू नका. सातव्या पिढीचा आय-सेव्हन आणि आठव्या पिढीचा आय-फाइव्ह शेजारी ठेवलेले असतील तर पहिल्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी जुनी असणार, तिचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. लॉटमधून आलेल्या मशिनात कधी बायोसचा पासवर्ड किंवा मूळ कंपनीचं कुलूप राहून गेलेलं असतं. दुकानातच बायोस उघडून बघा, इंटरनेट जोडून विंडोज नव्याने बसतं का ते तपासा, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतल्यावरच पैसे द्या.