पावाला तार का सुटते?

दमट उकाड्याचे दिवस आले की बेकरीवाल्या बांधवांना एक दुखणे हमखास सतावते. भट्टीतून निघालेली लादी झकास असते; पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाव तोडला की आत चिकट तार सुटते, गर तपकिरी पडतो आणि अति पिकलेल्या अननसासारखा वास येतो. माल परत येतो आणि राग खमिरावर किंवा कारागिरावर निघतो. दोष बहुधा दोघांचाही नसतो.

हे काम बॅसिलस सबटिलिस व त्याच्या जातभाई जिवाणूंचे. ते मातीत राहतात आणि धान्याबरोबर पिठात येतात. कोंड्याच्या पिठात जास्त. खुराक संपला की हा जिवाणू टणक कवचाचा बीजाणू बनवून निपचित पडतो. गवताचा काढा उकळला तरी हे बीजाणू जिवंत राहतात, हे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये दाखवले. भट्टी कितीही तापवा, पावाच्या पोटात ओल असल्याने तेथील उष्णता १०० अंशांच्या आतच राहते. खमीर मरते, बीजाणू वाचतो.

प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे तर खुराक, पाणी, ऊब आणि आंबटपणा यांचा मेळ घालावा लागतो. पावात तो आयताच जमलेला असतो. गरम पाव एकावर एक रचून झाकला की ऊब तासन् तास टिकते. बीजाणू जागे होतात आणि पिष्ट व प्रथिने फोडून खाऊ लागतात.

तेव्हा उपाय एकच: हा मेळ बिघडवायचा. पिठात थोडा सिरका घातला किंवा पीठ जास्त वेळ आंबवले, तर या जिवाणूला तो आंबटपणा सोसत नाही. कॅल्शियम प्रोपिओनेटही चालते, मात्र अन्नसुरक्षा नियमांच्या मर्यादेतच. पाव मोकळा ठेवून लवकर निववावा, मगच बांधावा. भांडी व फळ्या स्वच्छ धुऊन सिरक्याच्या पाण्याने पुसाव्यात.

नवे पीठ आले की एक छोटा पाव भाजून, ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस उबेला ठेवावा. तार सुटली तर पीठवाल्याशी वेळीच बोलता येते.

आणि शिळा पाव नव्या पिठात कधीही मिसळू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. चार पाव वाचवायला जाल आणि सगळा घाणा गमावून बसाल.