जुनी नाव पुन्हा पाण्यात घालण्यापूर्वी

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने समुद्रापासून दूर. तरीही नाव ही वस्तू या प्रदेशाला परकी नाही. देवास जिल्ह्यातील नेमावर आणि धार जिल्ह्यातील धरमपुरी ही दोन्ही गावे नर्मदेच्या काठी वसली आहेत. धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात तर नौकाबांधणीचे विवेचनच आहे. त्यात लाकडाचे चार वर्ग सांगितले असून, भिन्न वर्गांची लाकडे जोडून केलेली नाव टिकत नाही, ती पाण्यात कुजते व थोड्या धक्क्यानेही फुटते, असा इशारा दिलेला आहे.

हा इशारा आजच्या फायबरच्या नावेलाही लागू पडतो. काचेच्या तंतूंचे थर राळेत भिजवून साच्यात घडविलेली ही नाव कुजत नाही, असे आपण ऐकतो. फायबर कुजत नाही हे खरे. परंतु नाव केवळ फायबरची नसते. यंत्र ज्या मागील पाटीवर टांगतात तिच्या पोटात, तसेच तळाच्या आधारपट्ट्यांत पुष्कळदा प्लायवूड असते. स्क्रूच्या एखाद्या उघड्या भोकातून तेथे पाणी शिरते आणि वरचे कवच चकचकीत असतानाच आतील लाकडाचा भुसा होतो.

म्हणून अंगणात वर्षानुवर्षे पडून राहिलेली नाव दुरुस्त करू पाहणाऱ्याने रंगाचा डबा शेवटी आणावा. प्रथम नाव रिकामी करून धुवावी आणि लाकडी मुठीने सर्वत्र ठोकून पाहावी. निकोप भाग खणखणीत वाजतो, बिघडलेला बद वाजतो. मागील पाटी दाबल्यावर हलत असेल, तर आतील लाकूड बदलल्यावाचून गत्यंतर नाही. तो खर्च झेपेल की नाही, याचा हिशेब याच वेळी करावा.

त्यानंतरचे काम वाळविण्याचे. माळव्यात दसऱ्यानंतरचे कोरडे महिने यास सोयीचे. नाव छपराखाली, वारा खेळेल अशी उपडी ठेवावी. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने तिच्यावर बसवून उन्हात ठेवावा; आतून दव धरले, तर ओल शिल्लक आहे असे समजावे. ओलीवर चढविलेला थर पुढे सुटतो.

दुरुस्तीपूर्वी जागा ॲसिटोनने पुसावी, नाहीतर जुने मेण घासताना आत मुरते. मग तडा बुजविण्याऐवजी त्याच्या कडा उतरत्या घासाव्यात. उतार जाडीच्या सुमारे बारापट असावा. कवच पाच मिलिमीटर असेल, तर साठ मिलिमीटर. नवा थर जुन्या घट्ट झालेल्या थराशी एकजीव होत नाही. तो केवळ त्याला धरून राहतो, म्हणून पकडीला रुंद जागा लागते. या कामी पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी राळ अधिक चिकट ठरते; तिच्याबरोबर विणलेले काचेचे कापड वापरावे. राळ व हार्डनर यांचे प्रमाण उत्पादकाने सांगितले तेच ठेवावे आणि एका वेळी थोडीच राळ कालवावी. मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेने तापतो. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून योग्य मुखपट्टी, तसेच चष्मा, हातमोजे आणि लांब बाह्यांचे कपडे ही काळजी अपरिहार्य आहे.

एवढे सव्यापसव्य कशासाठी, असे कोणी विचारील. २०१९ साली सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि धार जिल्ह्यातील चिखलदा हे गाव पाण्यात गेले. अशा विस्तीर्ण पाण्यावर मागील पाटी यंत्रासह निखळली, तर काठ फार दूर असतो. यास्तव दुरुस्त झालेली नाव प्रथम उथळ पाण्यात, अंगात जीवरक्षक जाकीट घालून चालवावी. परत आल्यावर तळाची व पाटीची प्रत्येक जोड हाताने चाचपावी. ती कोरडी राहिली, तरच घरच्या माणसांना तिच्यात बसू द्यावे.