टायर बदलले!

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या भाच्याचा मॉन्ट्रियलहून फोन येतो. फराळ पोचला, आजीचे गुडघे कसे आहेत, ही बोलणी झाली की तो न चुकता सांगतो, "मामा, टायर बदलून घेतले." पहिल्या वर्षी मला वाटले, झिजले असतील बिचाऱ्याचे. दुसऱ्या वर्षी तेच ऐकल्यावर मी त्याला उधळ्या ठरवून मोकळा झालो. तेव्हा त्याने खुलासा केला. तिकडे मोटारीला टायरांचे दोन संच असतात, एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा. क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपण थंडी पडू लागली की ट्रंकेतून स्वेटर काढतो, तसे ते तळघरातून टायर काढतात.

मी हसलो. टायर म्हणजे टायर. त्याला कसला आला आहे ऋतू! परंतु त्या हसण्याची परतफेड मला पुढे फोंडा घाटात करावी लागली.

आमची गाडी उंच आहे, सात माणसांची. महाविद्यालयात मी चालतच जातो, त्यामुळे ती बहुतेक दिवस दारातच उभी असते. तिचा खरा उपयोग गणपतीला. सासुरवाडी कणकवलीजवळ, कोल्हापूरहून शंभराहून थोडे अधिक किलोमीटर. पण एवढ्या वाटेत माणूस तीन मुलखांतून जातो. निघताना रंकाळ्यावर लख्ख ऊन असते. भोगावती ओलांडून राधानगरी आली की आभाळ खाली उतरते. दाजीपूरच्या जंगलात धुके इतके दाट असते की समोर उभा असलेला गवासुद्धा अगदी जवळ जाईपर्यंत दिसू नये. आणि मग घाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, रस्त्यावरून वाहणारे तांबडे पाणी आणि खाली कोकणची दमट, उबदार हवा.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी आम्ही असेच निघालो होतो. गाडीत सौ., आमचे चिरंजीव आणि शहात्तर वर्षांची माझी आई. टायरांविषयी मला काडीची चिंता नव्हती. सात वर्षांत गाडी जेमतेम बावीस हजार किलोमीटर चालली होती आणि नक्षी अगदी खोल, नव्यासारखी होती. "गाडी कशी वापरावी हे आमच्याकडून शिकावे," असे मी चारचौघांत सांगतही असे.

घाटातल्या एका वळणावर समोरून एस.टी. वर येत होती. वेग फार नव्हता. मी ब्रेक दाबला. पायाखाली पॅडल थरथरले, पण गाडी थांबेना. ती पाण्यावरच्या होडीसारखी सरळ कठड्याकडे निघाली. किती क्षण गेले, सांगता येणार नाही. कठड्यापासून हातभर अंतरावर ती थांबली. गाडीत कोणी बोलले नाही. मग मागून आईने विचारले, "थांबलो का रे आपण?"

एस.टी.च्या चालकाने खिडकीतून डोके काढून ओरडून सांगितले, "भाऊ, टायर बघा, टायर!" मला त्याचा रागच आला. एवढे नवे टायर याला दिसत नाहीत?

परत आल्यावर शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने नक्षीकडे पाहिलेसुद्धा नाही. टायरच्या बाजूवर अंगठा फिरवला, नख दाबून पाहिले आणि म्हणाला, "सर, नक्षी जित्ती हाय, पण रबर मेलंय की."

मग त्याने मला टायर वाचायला शिकवले. आयुष्यभर पोथ्या-पुस्तके वाचणाऱ्या माणसाला हे नवे वाचन होते. टायरच्या अंगावर अक्षरांची एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे. माझ्या टायरवर २३१७ असे होते. म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा, टायरची जन्मतारीखच! टायर चालला नाही तरी म्हातारा होतो. ऊन आणि हवा लागून त्यातले रबर कडक होते, बारीक भेगा पडतात, आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहाव्या वर्षी नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावा, असे टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याच सांगतात. माझा टायर त्या मानाने कच्च्या वयातला. पण सात उन्हाळे तो दारातल्या उन्हात एकाच जागी उभा होता. मी ज्याला काटकसर समजत होतो, ती माझ्या कुटुंबाच्या जिवाशी केलेली हेळसांड होती.

तेव्हा भाच्याचे दोन संच मला समजले. मूळचे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून या दुखण्यावर उपाय शोधला, म्हणून पुढे टायर शक्य झाले. पण रबराचा मूळ स्वभाव पुरता गेला नाही. पारा सात अंशांच्या खाली उतरू लागला की उन्हाळी टायरचे रबर ताठरते. म्हणून हिवाळी टायरला मऊ राहणारे रबर घेतात आणि नक्षीत असंख्य बारीक चिरा पाडतात; त्या बर्फाला पकडतात. फिनलंडमध्ये १९३४ सालीच असा टायर मालमोटारींसाठी तयार झाला होता. अशा टायरच्या अंगावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असते.

"मग मी तसलेच टायर घेतो," मी टायरवाल्याला म्हणालो. तो हसला. कोल्हापूरच्या कडाक्याच्या थंडीतही पारा सातापर्यंत सहसा उतरत नाही. मे महिन्याच्या डांबरावर ते मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेकलाही नीट साथ देणार नाही. लडाख-स्पितीला मोटार घेऊन जाणाऱ्या हौशी मंडळींनी बर्फासाठी चाकांना घालायच्या साखळ्या बरोबर ठेवाव्यात. आमचा शत्रू बर्फ नव्हे, पाणी.

आता चिरंजीव पुढे सरसावले. शेजारच्यांनी गाडीला मोठमोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे चिखलाचे टायर लावले आहेत. गाडी कशी रणगाड्यासारखी दिसते! आपणही तेच घ्यावेत. मलाही ते पटू लागले होते. एवढे दांडगे टायर घाटात घसरतील कसे?

"शेतात जायचं असंल तर घ्या," टायरवाला म्हणाला. चिखलात ते ठोकळे रुततात आणि गाडी ओढून काढतात. पण ओल्या डांबरावर रुतायला काही नसते. तिथे रबर रस्त्याला जितके अधिक टेकेल तितके बरे, आणि ठोकळ्यांमध्ये रिकामी जागाच फार. शिवाय त्यांचे रबर बहुधा कठीण असते. डांबरी घाटासाठी साधा रस्त्याचाच टायर हवा: पाणी बाहेर फेकणारे रुंद, खोल खोबण आणि त्याला जोडून बारीक चिरा. दिसायला बापुडवाणा, पण कामाचा.

नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. आपल्याकडे मोटारीला १.६ मिलिमीटरपर्यंत कायद्याची परवानगी आहे. खोबणीच्या तळाशी त्यासाठी उंचवटे ठेवलेले असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण पावसाच्या मुलखात तीन मिलिमीटरलाच निरोप द्यावा. खोबण उथळ झाली की पाण्याला वाट राहत नाही. टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, आणि मग ब्रेक व स्टिअरिंग नुसते नावाला उरतात.

अखेर पैशांचा प्रश्न आला. चार टायरांचे तीस हजारांच्या वर होत होते. मी म्हटले, "सध्या पुढचे दोनच बदलू." त्यावर त्याने मान हलवली. दोनच घ्यायचे तर नवे टायर मागे लावायचे म्हणे! पुढची चाके घसरली तर निदान चालकाला ते कळते आणि पाय काढून गाडी सावरता येते; मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. "आणि मागं कोण बसतं, सर?" त्याने सहज विचारले.

मागे आई बसते. मी चारही घेतले, जन्मतारीख पाहून घेतले. चालकाच्या दाराच्या खांबावर छापलेल्या आकड्याइतकी हवा, तीही टायर थंड असताना, आता दर पंधरवड्याला मी स्वतः तपासतो.

टायर निवडताना आपण वर्षातल्या साडेतीनशे चांगल्या दिवसांचा हिशेब करतो. तो उरलेल्या पाचदहा वाईट दिवसांचा करायला हवा, कारण चांगल्या दिवशी कोणताही टायर गाडी थांबवतो. संबंध गाडी शेवटी तळहाताएवढ्या चार जागांवर रस्त्याला टेकलेली असते.

यंदाच्या गणपतीलाही फोंडा घाटात पाऊस होताच. त्याच वळणावर पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. दोन गाड्या मावतील एवढी जागा राखून. सौ. नारळाची पिशवी कलंडली का ते पाहत होती. चिरंजीव कानात गाणी ऐकत होते. आईला डुलकी लागली होती, ती उठलीसुद्धा नाही.

कणकवलीला पोचल्यावर मीच भाच्याला फोन लावला. "टायर बदलले," म्हटले. तिकडे पहाट असावी. जांभई देत तो म्हणाला, "इतक्यात? मामा, अजून बर्फ कुठे पडलंय?"