पारा चाळिशीला गेला नव्हता, तरीही

गोष्ट २०२४ च्या एप्रिलअखेरची. ईद होऊन दोन आठवडे उलटले होते, लग्नसराई सुरू होती आणि आमच्या मसोलीतल्या घरातली निम्मी माणसे बोईसरला एका निकाहला गेली होती. घरी दादी, दोन नाती आणि स्वयंपाकघरात भाभी. दुपारी तीनच्या सुमारास दादीने धाकट्या नातीला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. पोरी हसल्या. दादी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नावांची गल्लत तिची नेहमीचीच. मग तिने "जोहर झाली का गं?" असे विचारले, पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा विचारले आणि उठायला गेली ती उंबऱ्यातच कोसळली. भाभीने हात लावला तर अंग तव्यासारखे तापलेले.

नशीब असे की जवळच्या पाड्यावर काम करणारी आशाताई तेव्हाच रस्त्याने जात होती. पोरींचा आरडाओरडा ऐकून ती आत आली. भाभी चमच्याने पाणी पाजायला बघत होती, तिने ते आधी थांबवले. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाते. दादीला तिने पडवीत सावलीत आणवले, अंगावरचे जाड कपडे सैल केले, हंडाभर पाणी अंगावर ओतले, ओली चादर टाकली, पंखा लावला, मानेशी आणि काखेत कपड्यात गुंडाळलेला बर्फ ठेवला. हे सगळे चालू असताना १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबू दिले नाही. दादी चार दिवस दवाखान्यात राहून घरी आली. डॉक्टर म्हणाले, गाडीत घालायच्या आधी घरीच गार केलेत म्हणून वाचल्या.

नंतर कळले की दादीचा त्या दिवशी रोजा होता. शव्वालचे सहा नफ्ल रोजे ती दरवर्षी ठेवते. घरात कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर आम्ही ठेवू दिले नसते. ब्लडप्रेशरची गोळी, आणि तीही लघवी वाढवणारी, तिने सहरीला नेमाने घेतलेली. वर पत्र्याचे छप्पर. निकाहाच्या गडबडीत आम्ही तिला "जेवलीस का" इतके विचारायलाही विसरलो होतो. ही आमची चूक आहे, ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही.

त्या आठवड्यात ठाणे, रायगड आणि मुंबईसाठी हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. आमच्याकडे मात्र पारा चाळिशीपर्यंत गेला नव्हता, आणि बातम्यांत चाळीस दिसत नाही तोवर आपल्याला काही होत नाही, अशी आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांची समजूत. पंचेचाळीस म्हणजे अकोला, चंद्रपूर. आपल्याकडे काय, समुद्र आहे! पण हवामान खात्याचा हिशेब वेगळा आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांना पोहोचले की लाटेचा विचार सुरू होतो. किनाऱ्यावर ३७ अंशांनाच, जर ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वर असेल तर. हा फरक उगाच ठेवलेला नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. त्या दिवशी नवी मुंबईतही पारा चाळिशीच्या खालीच होता.

कारण घामात आहे. अंग गार होते ते घाम येण्याने नव्हे, तर घाम वाळण्याने. विदर्भात घाम आला की उडून जातो. डहाणूत हवाच पाण्याने भरलेली, घाम वाळणार कुठे? तो नुसता गळत राहतो, अंगातले पाणी आणि मीठ जाते आणि गारवा काही मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांना घामही कमी येतो आणि तहानही कमी लागते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

हे आम्हाला पुस्तकातून नव्हे, एका कूलरमुळे कळले. दादी घरी आल्यावर अकोल्याच्या खालाने मोठ्या मायेने आपला जुना कूलर टेम्पोत घालून पाठवला. तिच्या घरी त्याच कूलरपुढे मे महिन्यात गोधडी घ्यावी लागते. आम्ही टाकी भरली, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, खिडकी बंद केली आणि बसलो. तासाभरात खोलीची धोबीघाटासारखी अवस्था झाली. भिंती चिकट, उशा ओलसर, आणि दादी म्हणाली, "यापेक्षा बाहेर बरं." कूलर पाणी वाळवून हवा गार करतो, जिथे पाणी वाळतच नाही तिथे तो फक्त दमटपणा वाढवतो. लावायचाच तर खिडकी-दारे उघडी ठेवून. सध्या त्यात कांदे ठेवलेले आहेत, खालाला कृपया कोणी सांगू नये.

पंख्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम झळच फेकतो. आपल्याकडे ती वेळ क्वचित येते, म्हणून पंखा उपयोगी आहेच. पण म्हाताऱ्या माणसासाठी नुसता पंखा पुरत नाही. आधी हातपाय, मान, पाठ ओल्या कपड्याने पुसायची आणि मग पंखा लावायचा. आलेला नाही तो घाम आपण बाहेरून द्यायचा, असे समजा. वझूच्या पाण्याने चेहरा आणि हात ओले होतातच, ते लगेच टॉवेलने पुसून टाकू नका, इतके सोपे आहे. लाइट गेली की मात्र हातपंखाच. आमच्याकडे ती नेमकी दुपारी जाते. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, वीज तिथून मुंबईला जाते आणि आम्ही ताडाच्या पानाचा पंखा हलवत बसतो. असो.

सगळ्यांत जास्त फरक पडला तो छपरामुळे. वडिलांच्या वेळी घरावर मंगलोरी कौले होती. ती फुटत, माकडे सरकवत, दर पावसाळ्याआधी शाकारणी करावी लागे, म्हणून आम्ही हौसेने पत्रे घातले. पत्रा दुपारभर तापतो आणि त्याची धग थेट खाली झोपलेल्याच्या डोक्यावर उतरते. पाड्यावरच्या वारली घरांना, कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा आणि वर पेंढा किंवा कौले, आम्ही कच्ची घरे म्हणत आलो. एप्रिलच्या दुपारी त्या कच्च्या घरात शिरून बघावे.

पत्रे काढणे परवडणारे नव्हते. मग अहमदाबादची आठवण झाली. आमच्याकडची अनेक मुले वापी, सुरत, अहमदाबादला कामाला आहेत. तिथे मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. पुढे त्यात गरीब वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे कामही आले. पांढरे छप्पर ऊन परत पाठवते, खालची खोली दोन ते पाच अंशांनी गार राहू शकते. आम्ही मार्चमध्येच पत्र्याला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. साधा चुनाही चालतो, पण पत्र्यावर तो धरत नाही आणि पहिल्या पावसात धुऊन जातो, म्हणजे दरवर्षीचे काम. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर रंगाआधी घासू-खरवडू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाते. दादीच्या खोलीवर आम्ही शिवाय नारळाच्या झावळ्या टाकल्या. चूल किंवा गॅसच्या वर मात्र झावळ्या नकोत.

खिडक्यांचे गणित आम्हाला आमच्या कोळी शेजाऱ्यांनी शिकवले. "दुपारी खिडक्या बंद ठेवा" हा सल्ला देशावरचा. इथे वारा बघावा लागतो. रात्री आणि सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. दिवस चढला की खारा वारा येतो आणि जीवात जीव येतो. उष्ण दिवस तोच, ज्या दिवशी जमिनीकडचा वारा हटत नाही आणि खारा वारा यायला दुपार उलटते. तेव्हा सकाळी दहापासून पूर्वेच्या खिडक्या पडदे ओढून बंद, आणि वारा फिरला की पश्चिमेच्या सगळ्या उघड्या. दादी आता हे काम करते. ओट्यावर बसून चिकूच्या पानांकडे बघते आणि "फिरला गं!" म्हणून ओरडते.

स्वयंपाकघराबद्दल लिहिताना थोडा राग येतो. दादीला झाले ते सगळ्यांनी पाहिले, पण त्या घरात सर्वांत जास्त उष्णता भाभीने सोसली होती, पत्र्याखाली, दोन शेगड्यांसमोर, पायघोळ कपड्यांत. घरातल्या बाईने पाणी शेवटी प्यायचे, हे कोणी ठरवलेले नाही पण सगळीकडे चालते. बाहेर निघायचे असेल तर ती सकाळपासून पाणीच पीत नाही, कारण लग्नाच्या मांडवात बायकांसाठी मोरीची सोय धड नसते. आता आमच्याकडे दुपारचे जेवण सकाळी नऊच्या आत होते. डाळ-भात कुकरमध्ये, तळण रात्री, आणि भर दुपारी पाहुणा आला तर त्याला गरम चपाती मिळत नाही. पहिल्यांदा जड गेले. बुरखाही काळ्या पॉलिस्टरऐवजी सुती आणि सैल, फिक्या रंगाचा शिवून घेतला.

प्यायला काय, यावर फार लिहायला नको. पन्हे, कोकम, ताक, सब्जा घातलेले लिंबूपाणी, ताडगोळे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नीरा सूर्योदयाआधी उतरवलेली ताजीच घ्यावी. ऊन चढले की तीच ताडी होते आणि मग ती आपल्या घरात येत नाही. लाल-गुलाबी सरबतात साखर भरपूर असते, मधुमेह असलेल्यांनी सांभाळून. जुलाब किंवा फार घाम झाला असेल तर ओआरएसची पुडी, अख्खी, एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

ओळखायचे कसे? चक्कर, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम, पण माणूस नीट बोलतो आहे, तर सावली, पाणी, विश्रांती. बोलणे असंबद्ध झाले, चाल अडखळली, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा, मग अंगाला घाम असो वा नसो. तापाची गोळी देऊ नका, हा ताप तिने उतरत नाही. गार करणे आधी, गाडी नंतर. आणि म्हातारे माणूस उन्हाळ्यात अचानक बरळू लागले तर "वय झाले" म्हणू नका. आम्ही म्हटले होते.

रोज्यांचा प्रश्न दादीशी बोलताना सर्वांत अवघड गेला. आजारी माणसाला रमजानच्या फर्ज रोज्यांतही सवलत आहे. नफ्ल तर ऐच्छिकच. हे तिला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. ती म्हणाली, "तुम्ही सवलत सांगता, मला सवय आहे." शेवटी मौलानासाहेबांना घरी बोलावले, ते तिच्याशी अर्धा तास बोलले, काय ते आम्हाला ठाऊक नाही. घरातल्या मुलींचे राहून गेलेले कजा रोजे मात्र आता डिसेंबर-जानेवारीत ठेवले जातात. दिवस लहान, हवा गार. गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवतो. आपल्या मनाने गोळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही.

सख्त उन्हाळ्यात जोहर थोडी उशिरा, ऊन उतरल्यावर पढावी, असे हदीसमध्येच आहे. निकाह मात्र आपण भर बाराला ठेवतो. पुढच्या मे महिन्यात आमच्या घरी एक लग्न आहे. आम्ही असरनंतरची वेळ सुचवली तेव्हा मुलाकडच्यांनी जेवणाचा प्रश्न काढला, हॉलवाल्याने जादा भाडे सांगितले. बोलणी चालू आहेत. दादीने सांगून ठेवले आहे की दुपारचा निकाह असेल तर ती येणार नाही, पडवीत बसून वारा फिरायची वाट बघेल.