दोन किलो पाला, चार किलो साखर

सकाळी ६.४०
हँडलला डबा अडकवून मामा सायकलवर कुंडलिकेचा पूल ओलांडतात. जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत आयुर्वेदिक औषधांचा छोटा कारखाना आहे. दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड. मामांचा रोज साडेचारशे.

७.००
कपाटाला दोन कुलपं. वैद्य आणि हिशेबनीस दोघं आले की उघडतं. आतलं पोतं काट्यावर चढतं, वहीत आकडा पडतो: भांग, अडीच किलो. शेजारच्या फळीवर जायफळ, वेलची उघडीच. ती महाग, पण त्यांना कुलूप नाही.

७.१५
मावशी सूप घेऊन निवडायला बसतात. पाला हिमालयाच्या पायथ्याचा, रानात आपसूक उगवणाऱ्या वाणाचा. पानाला पाच-सात अरुंद बोटं, कडेला करवतीचे दात. बी बारीक, राखाडी, ठिपक्यांचं. पिकलं की झडतं, म्हणून पोत्याच्या तळाशी सापडतं.

काड्या एका बाजूला. खरं लक्ष शेंड्यांवर. १९८५ च्या कायद्यात फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा. नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही, पण त्यालाही राज्याचा परवाना लागतोच. बोटाला चिकट लागलं की मावशी हात थांबवतात. "डॉक्टरसाहेब, हे बघा जरा."

८.३०
पाल्याची फडक्यात पुरचुंडी. मामा ती पाण्यात बुडवतात, दाबतात, पाणी ओततात. पहिलं पाणी काळपट हिरवं. मग नुसतं हिरवं. मग पिवळट. हिरवा रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, असं शास्त्र सांगतं. टँकरचं बिल शास्त्रात नाही. नळाला इथं रोज पाणी येत नाही.

११.००
धुतलेला पाला सावलीत पसरला. आता मागचा, वाळलेला लॉट. लोखंडी कढई, गाईचं तूप, मंद आच. मामा तोंडाला रुमाल बांधून उलथणं फिरवत राहतात. करपला तर अख्खा घाणा वाया. अडीच किलोचा पाला आता दोन किलो भरतो. वहीत तेही लिहायचं.

दुपारी १.१५
भाकरी, ठेचा, कांदा. वैद्य बोलायच्या लहरीत आहेत. हे जातिफलादि चूर्ण शार्ङ्गधर संहितेतलं. ग्रहणीवर, खोकल्यावर, दम्यावर सांगितलेलं. पुढे १८३९ मध्ये ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरानं कलकत्त्यात संधिवाताच्या, धनुर्वाताच्या रोग्यांना भांगेचा अर्क देऊन पाहिला. त्याच्या लिखाणामुळे ही वनस्पती विलायतेच्या औषधांत गेली.
"त्याला पाला कोण निवडून देत होतं?" मावशी विचारतात.

२.००
वीस जिनसा, प्रत्येकी शंभर ग्रॅम. झाले दोन किलो. तेवढीच भांग. मग या सगळ्याइतकी साखर, म्हणजे चार किलो. चंदन आणि चित्रकाचं मूळ आधी खलबत्त्यात फोडावं लागतं, नाहीतर मशीन अडतं. बत्ता मामांच्या उजव्या खांद्याला रोज जाणवतो. जायफळ तेलकट, जाळी बुजवतं, ब्रशनं घासायची. कापूर शेवटी, नाहीतर उडून जातो.

४.३०
ऐंशी नंबरच्या चाळणीतून चूर्ण खाली येतं. मावशी पन्नास-पन्नास ग्रॅमच्या डब्या भरतात. एकशे साठ व्हायला हव्यात, एकशे अठ्ठावन्न होतात. उरलेलं मशीनला, हवेत, मामांच्या भुवयांवर. वहीत 'घट, शंभर ग्रॅम'. डबीवर इंग्रजीत आणि हिंदीत ताकीद: वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. भांग असली की हे छापावंच लागतं.

६.१०
कपाट बंद, दोन्ही कुलपं लागली. मामांच्या हातात साडेतीनशे. शंभर मागच्या उचलीचे वळते. तोंड धुताना त्यांना खोकल्याची ढास लागते.
"मामा, खोकल्याचंच औषध कुटता की. घेतलंत कधी?"
"डबी दोनशेची. त्यावर लिहिलंय, डॉक्टरला विचारून घ्या." मामा सायकलचं स्टँड काढतात. "त्याची फी वेगळी."